ओट्याला पॉलिश की खरखरीत

१२ फेब्रुवारी १९९१, मंगळवार. मेहरूण

ओट्याचा कडप्पा पक्का बसला, असं रशीद मिस्त्री संध्याकाळी स्वतः येऊन सांगून गेले. आता पॉलिश मारायचं की दगड खरखरीत ठेवायचा, एवढंच बाकी.

सुमनला पॉलिश हवं. खरखरीत दगडात तेल मुरतं, शाळेत शिकवून आल्यावर घासायचं तिलाच. आईला नको. सुनेला म्हणाली, "परात सरकस वं बाई त्यावर."

"सरकली तर मी धरेन की, आई."

"तू शाळामा गयी म्हंजे कोन धरी?"

सुमन हसली. मला हसू आलं नाही. मोतीबिंदू वाढल्यापासून आई चाचपून स्वयंपाक करते. मघाशी तिने मिस्त्रींनी नमुना म्हणून आणलेल्या पॉलिश केलेल्या तुकड्यावर परात ठेवली, भाकरी थापल्यासारखा हात चालवला, आणि परात सरकलीच. गुपचूप उचलून ठेवली तिने. एकदा परात खाली पडली की ही बाहेरच्या खोलीत जाऊन बसेल, कायमची. तक्रारही करणार नाही.

दिवसभर वर्तमानपत्राच्या कचेरीत दुसऱ्यांच्या बातम्या कापतो. घरी एवढंसं ठरवताना दमलो.

सकाळी मिस्त्री मशीन घेऊन येतील, त्यांना परत पाठवायचं. ओटा मी घासेन, असं सुमनला सांगायचं. ती विश्वास ठेवणार नाही, पण ब्रश हातात देईल.