जागता थर

२ जून
पोचलो एकदाचे! घर खांबांवर आहे. घराची ऊब लागून खालची गोठलेली जमीन वितळू नये म्हणून मध्ये वारा खेळता ठेवलाय. खिडकीतून हिमनदी दिसते. हे तिच्यात रोवलेल्या काठ्यांची मापं घेणार, मी आकडे उतरवणार. चाळिशीत संसार मांडतेय, पण डबे लावताना चक्क गुणगुणत होते.

११ जून
इथे नुसतं बर्फ म्हटलेलं चालत नाही. उन्हाळा काढलेलं दाणेदार ते ‘शिळं हिम’, खोल चिरा त्या ‘हिमभेगा’. कायम गोठलेली जमीन ‘निजभुई’, तिच्यावरची उन्हाळ्यात वितळणारी माती ‘जागता थर’. हौसेने विचारलं, कुणी बसवले हे शब्द? ह्यांच्या पहिल्या बायकोने. ती हिमभेगेत पडली आणि सापडली नाही, एवढं ठाऊक होतं. सामान घेऊन येणारे ड्रायव्हरदादा अजून तिला वहिनी म्हणतात. मला बाई.

२४ जून
मी नाही शिकणार ते शब्द. सवतीचं उष्टं कोण खाईल? हे समजवायला बसले की मी भांडी आपटते. हिमनदी पोटात घेतलेलं हळूहळू पुढे सरकवते आणि तोंडाशी आणून टाकते म्हणे. काठ्या त्यासाठीच, नदी किती सरकली ते मोजायला. "या उन्हाळ्यात येईल ती," हे म्हणाले. इतक्या मऊ आवाजात माझं नाव कधी घेतलं नाही. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

१९ जुलै
आली. हे वरच्या काठ्यांकडे होते, नदीच्या तोंडाशी मलाच दिसली. पडली तेव्हा होती तशीच, सत्तावीस वर्षांची, चेहऱ्यावर एक सुरकुती नाही. ह्यांनी पाहिली असती तर मी संपलेच असते. घसरगाडीवर घालून ओढत आणली, घराखाली पुरली. दोन हात खोल गेल्यावर कुदळ गोठलेल्या जमिनीवर खणकन वाजली, पुढे खणवेना. तिथेच ठेवून माती लोटली. हात अजून गार आहेत.

८ सप्टेंबर
थंडी पडली. अंगणात दगड वर आलेत. हे म्हणाले, जागता थर पुन्हा गोठताना पोटातलं वर ढकलतो, म्हणून इथे उथळ काही पुरत नाहीत. कितीदा तुला सांगितलं. मी भांडी आपटत होते तेव्हा.

२१ सप्टेंबर
खालची जमीन फुगलीय. खांब उचलले गेले, स्वयंपाकघराचं दार लागत नाही. वाकून पाहिलं. खड्डा उघडा. आत कुणी नाही.

२६ सप्टेंबर
ड्रायव्हरदादा जाताना "येतो वहिनी" म्हणाले. सुखावले मी. मग लक्षात आलं — बघत होते माझ्या मागे.

हे आता फक्त तिच्या शब्दांत बोलतात. माझं बोलणं ऐकूच येत नाही ह्यांना —

२९
माझ्या पाटावर ती. हे हसतायत. मी दाराशी — पाय उचलत नाहीत, फळीतून खाली — गुडघ्यापर्यंत गार —

हाक मारतेय. ओरडतेय. पण ह्यांना कळेल असा एक शब्द, तिचा एक तरी शब्द तोंडी येईना, मी शिकलेच ना—