डाव्या दारावरचा पानाचा ओघळ

सास्तूर,
दसऱ्यानंतरचा सोमवार

गुंडाप्पाकाकांना योगीराजचा वाकून नमस्कार.

इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची रीत आहे आणि दुसरं वाक्य सुचत नाही, म्हणून लिहितो की इकडे सगळं ठीक आहे. (खोटं आहे, पण ते पुढे येईलच.) तुमच्या तब्येतीची मात्र यंदा चौकशी करत नाही. ज्या माणसाने निम्मं आयुष्य माझ्या वडिलांच्या, दादांच्या ट्रकवर क्लीनर, आपल्या भाषेत किन्नर, म्हणून डावीकडच्या सीटवर हाडं खिळखिळी करून घेतली, त्याला गुडघ्यांचं विचारणं म्हणजे जखमेवर मीठ. आता दुखत नसतील असं धरून चालतो. दादा समोर खाटेवर बसून माझ्या पेनाकडे टक लावून पाहताहेत. मायना त्यांनीच मोठ्या अक्षरांत लिहून घेतला आणि तुमच्या नावावर बोट फिरवून तपासला. बाकीचं बारीक अक्षर त्यांना दिसत नाही, म्हणून मोकळेपणाने लिहितो.

गाडी भंगारात गेली त्या दिवशी तुम्ही रडलात, हे साऱ्या गावाला आठवतं. फक्त दादांना आठवत नाही. सोलापूरच्या डॉक्टरांनी आजाराला मोठं नाव सांगितलं, पण आमच्या घरी त्याचा अर्थ एवढाच, की दादांच्या हिशेबी गाडी अजून रस्त्याला उभी आहे, माल तसाच आहे आणि ताडपत्री बांधायची राहिलीय. उन्हाळ्यात ते रोज चप्पल घालून निघायचे. लोहाऱ्याच्या रस्त्यावर उभं राहून येईल तो ट्रक थांबवायचे आणि ड्रायव्हरला म्हणायचे, उतर खाली, माझी हाय. एकदोघे हसले, एकाने तंबाखू दिली, एका बिचाऱ्याने तर घाबरून कागदपत्रंच काढून दाखवली. पण माकणीकडे वाळूच्या टिपरवाल्याने ढकलून दिलं आणि दादांच्या कपाळाला टाके पडले. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न, गाडीला लागलं न्हाय ना? आईने कपाळाला हात लावला. (स्वतःच्या. त्यांच्या कपाळाला जागा नव्हती.)

मग मी ठरवलं की दादा गाडीकडे जायचे थांबत नाहीत, तर गाडीच घरी आणायची. खरी कुठून आणणार? तिचे एव्हाना कोयते नि पाट्या झाल्या असतील. तर छोटी, दीड वीत लांबीची. माझं दुकान तुम्ही पाहिलंय, फ्लेक्स, रेडियम नि नंबरप्लेट. (वाढदिवस आणि श्रद्धांजली, दोन्हीला लोक फोटो तोच आणतात. मला फक्त मागचा रंग बदलावा लागतो.) दुकानात सनबोर्डच्या हलक्या पाट्यांचे तुकडे पडलेलेच असतात, चाकांना इंजेक्शनच्या बाटल्यांची रबरी बुचं मिळाली, आणि केबिनवर ती तुमची लाकडी महिरपसुद्धा मी ब्लेडने कोरली. पुढे 'आई येडेश्वरी प्रसन्न', मागे हॉर्न वाजवायची विनंती. बोटाचा शेंडा कापला, पण गाडी अशी झाली की दुकानात लोक किंमत विचारायला लागले. मी ती छाती फुगवून दादांपुढे ठेवली. दादांनी उलटीसुलटी करून पाहिली आणि परत दिली. "ही शोरूमची हाय. आपली न्हाय. आपल्या गाडीनं इतकं त्वांड कवा धुतलं व्हतं?"

तेव्हा मला कळलं की नवी गाडी करणं सोपं आणि ती जुनी करणं हा खरा धंदा. मोबाईलवर एक परदेशी गृहस्थ आहे, तो छोटे ट्रक करून मुद्दाम गंजवतो. आपल्याकडे वस्तूला जुनं व्हायला कुणी शिकवावं लागत नाही, तरी मी त्याचा शिष्य झालो. खालचा थर गंजाचा, त्यावर मिठाचे खडे चिकटवायचे, वरून रंग द्यायचा आणि वाळल्यावर मीठ खरवडून काढायचं, की पोपडे निघाल्यासारखं दिसतं. (त्या महिन्यात आईच्या आमटीला मीठ नसायचं आणि माझ्या ट्रकला असायचं.) पण त्या गृहस्थाचा गंज बर्फातला. आपली गाडी गंजण्याआधी मळते. म्हणून चाकांना शेतातली काळी माती, टाकीखाली जळकं ऑइल, सायलेन्सरवर चिमणीची काजळी. भूकंपानंतर ढिगाऱ्यातले दगड वाहताना हौद्याच्या डाव्या फाळक्याला जो पोचा पडला, तोही चमचा तापवून पाडला. त्या दगडांखालून काय काय निघालं ते तुम्ही दोघांनी कधी सांगितलं नाहीत, आणि आम्ही विचारलं नाही.

एवढं करूनही दादा रोज नापास करायचे. आज आरसा वाकडा हवा, उद्या उजवा दिवा फुटका हवा. शेवटी एके दिवशी डाव्या दारावर बोट ठेवून म्हणाले, "गुंड्याची पिचकारी कुठाय?" काका, राग मानू नका, पण तुम्ही जन्मभर खिडकीतून पान थुंकलात आणि वाऱ्याने ते दारावरच आलं, ही त्या गाडीची खरी नंबरप्लेट होती. मी तांबडा रंग लावला, तर दादा म्हणाले रगत सांडलंय जणू. मग खरं पान खाऊन बसलो. मला सवय नाही, घेरी आली, आणि एका पिचकारीत अख्खी केबिन बुडाली, कारण गाडी चोवीस पट लहान झाली तरी माणसाचं तोंड तेवढंच राहतं. अखेर कातचुन्याचा रस वाटीत घेऊन दात कोरायच्या काडीने ओघळ काढले, मागे झुकलेले, गाडी पळतेय असे. दादांनी गाडी मांडीवर घेतली. दारावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "व्हय. हीच." मी दुकानात जाऊन शटर अर्धं ओढलं आणि पोटभर रडून घेतलं.

त्यानंतर दादा रस्त्याला गेले नाहीत. गाडी खाटेखाली उभी असायची, चाकामागे दगडाचा खडा लावून. दोन्ही वेळ भाकरी खायचे, अंगावर जरा मांस आलं. बायको, शिवकन्या, म्हणाली की आता मलाही असंच जुनं करून खाटेखाली लावा म्हणजे घरात शांतता राहील. एवढं सुख आमच्या घराला पेलणारं नव्हतं.

दसऱ्याला आईने वाहनं पुजायला काढली. माझी मोटारसायकल धुतली, सासऱ्यांकडून आलेली शिलाई मशीन पुसली, आणि मी दुकानात झेंडूच्या माळा लावत असताना खाटेखालून दादांचा ट्रक काढून तगारीत घातला. घासणी आणि धुण्याची पावडर घेऊन. उन्हाळाभराचा गंज, माती, काजळी, पोचा सोडून सगळं, तिने अर्ध्या घटकेत काढलं. मी आरडाओरडा केला तर माझ्यावरच उखडली. "दसऱ्याला घाण गाडी कोण पुजतं रं? लोक काय म्हणतील? तुझ्या बापाच्या गाडीला म्या कवा बिनधुता नारळ फोडला न्हाय!" तिचंही खरं होतं. लख्ख गाडीला हळदकुंकू लावून तिने ती दादांसमोर पाटावर ठेवली. आता दादा चप्पल शोधणार, म्हणून मी दारात आडवा उभा राहिलो.

पण दादा हसले. "गाडी धुतली? म्हंजी गुंड्या आला व्हय! दसऱ्याची गाडी त्योच धुतो. वाढा, दोन ताटं करा."

तेव्हापासून आमच्याकडे रोज दोन ताटं होतात आणि दोन्ही तशीच उठतात. किन्नर जेवल्याशिवाय ड्रायव्हरने घास उचलायचा नाही, हा दादांचा रस्त्यावरचा नेम तुम्हाला माहीतच आहे. बाकी सगळं विसरले, तो नेम तेवढा राहिला. गुंडाप्पा जेवून गेला म्हणून सांगितलं, तर "माझ्याबगर?" म्हणून रुसले. मी डोक्याला टॉवेल बांधून समोर बसून पाहिलं, तर म्हणाले, ऊठ, ती गुंड्याची जागा हाय. घोटघोट चहा जातो, बास. डॉक्टर म्हणतात नाकातून नळी घालू. नळी घातली की ते ती उपटणार, आणि मग हात बांधावे लागतील. दादांचे हात बांधलेले मला बघवणार नाहीत, काका. म्हणून हे पत्र. या, आणि समोर बसून दोन घास खा, एवढंच मागणं.

आईचा आणि शिवकन्येचा नमस्कार.

तुमचा,
योगीराज

ता. क. १. दादा पत्रावर तुमचं नाव पाहून समाधानाने अंगणात गेलेत. पोस्टाची पेटी कधी उघडतात ते शेजाऱ्याला विचारताहेत.

ता. क. २. महांतेश, आता तुझ्याशी बोलतो. तुझे वडील, गुंडाप्पाकाका, श्रावणात गेले तेव्हा मातीला मी आलो होतो, हे तुला आठवत असेल. परत येऊन मी दादांना सांगितलं. दुपारभर लहान पोरासारखे रडले, आणि सकाळी उठून म्हणाले, गुंड्या आला न्हाय बरेच दिवस. पुन्हा सांगितलं, पुन्हा तेवढेच रडले. एका माणसाला एकच मरण किती वेळा ऐकवायचं? म्हणून वरचं सगळं काकांच्या नावाने लिहिलं. लिहिता लिहिता मलाच वाटायला लागलं की ते वाचताहेत. मराठी वाचायला जड गेलं तर बायकोकडून वाचून घे, ती उमरग्याची आहे. फोन लावून हे मागायची माझी हिंमत झाली नाही.

ता. क. ३. तुझा आवाज हुबेहूब काकांचा आहे, चालही तीच. दारातून फक्त काका विचारायचे तसं कानडीत "ऊटा आयता?" म्हणून जेवणाचं विचार आणि पानावर बस. वयाची काळजी करू नकोस. तीन आठवडे दाढी करू नको म्हणालो असतो, पण दादांकडे तेवढा वेळ नाही, त्यामुळे आहेस तसा निघ. एसटीतून उतरलास की घरी न येता थेट दुकानात ये. काजळी, माती, कातचुना सगळं शिल्लक आहे, आणि माझा हात आता बसलाय. तासाभरात तुझे गुंडाप्पा करून देतो.

ता. क. ४. सगळ्यात महत्त्वाचं राहिलंच. दारात आई पाण्याचा तांब्या घेऊन उभी राहील, पाहुण्याला ती तसा आत घेत नाही. पाय खुशाल धू. तोंड मात्र, पाया पडतो, धुवू नकोस.