पाचव्या रिळावर अर्श

६ जानेवारी, सोमवार

अखेर दुबई. डिस्कव्हरी गार्डन्समधला आमचा फ्लॅट पहिल्या मजल्यावर आहे आणि बाल्कनीसमोर चक्क झाडं आहेत. वाळवंटात जायचं म्हणून सावंतवाडीला जे रडून घेतलं ते सगळं फुकट गेलं. धनंजय वर्षभर इथे एकटा राहिला, जेबेल अलीच्या गोदामात नोकरी करत. आमच्यासाठी त्याने पडदे लावून ठेवलेत, तेही उलटे. अजून प्रत्येक किंमत रुपयांत बोलून दाखवतो. दोन दिरहमची कोथिंबीर हातात घेतली, "म्हणजे शेहेचाळीस रुपये" म्हणाला आणि जुडी परत ठेवली. मी ती उचलून ट्रॉलीत टाकली.

आईने दिलेला पितळी मिसळणाचा डबा मी विमानात मांडीवर घेऊन आले. शेजारणीने तुळशीचं रोप दिलंय. अर्शसाठी त्याच्या बाबाने पिवळा लव्हबर्ड आणलाय, त्यामुळे सात वर्षांच्या त्या पोराने मला आज अजिबात विचारलं नाही.

उद्यापासून माझी नोकरी. व्हिडिओ स्लॉट बनवणाऱ्या स्टुडिओत चित्रकार. सासूबाईंना नुसतं "कॉम्प्युटर गेम" असं सांगितलंय.

९ जानेवारी, गुरुवार

ऑफिस मला आवडलं. नीरव नावाचा अहमदाबादचा मुलगा खेळांचं गणित करतो, त्याने हिंदीतून माझी शिकवणी घेतली. पूर्वी हे लोखंडी यंत्र होतं. आत तीन रिळं, त्यांवर फळं आणि घंटा, बाजूला दांडा. दांडा ओढला की स्प्रिंगच्या जोरावर रिळं गरगरायची आणि थांबायची तिथे थांबायची. फळं ऐकून मला हसू आलं, कारण माझा हात बसला तो सावंतवाडीची लाकडी फळं रंगवूनच. पन्नासएक वर्षांपूर्वी रिळांच्या जागी पडदा आला. आता पाच रिळं असतात, पण ती नुसती चित्रं.

पैज कशी लागते तेही कळलं. पडद्यावर पाचही रिळांवरून जाणाऱ्या वीस लाइनी, प्रत्येक लाइनीवर किती लावायचे ते खेळणारा ठरवतो, म्हणजे एकदा बटण दाबलं की एकदम वीस पैजा. एका लाइनीवर डावीकडून सलग तीन सारखी चित्रं आली तर थोडं मिळतं, चार आली तर बरं, पाच आली तर घबाड. शंभर लावले तर सरासरी चौऱ्याण्णव परत येतात, बाकीचे कॅसिनोचे.

एक गोष्ट मात्र मला खटकली. बटण दाबल्याक्षणी आतल्या चिपने आकडा काढलेला असतो, निकाल लागून गेलेला असतो. मग रिळं फिरतात कशाला, असं मी विचारलं. अजून काहीतरी होऊ शकतं असं माणसाला वाटावं म्हणून, असं तो म्हणाला आणि चहा आणायला गेला.

१७ जानेवारी, शुक्रवार

आमचे साहेब सुरेश यांना "इंडियन घर" हवं होतं, तेही आठवड्यात. यल्ला यल्ला, म्हणजे चल चल, करत माझ्या डोक्यावर बसले. मग काय, दिसेल ते काढलं. मिसळणाचा डबा, बाल्कनीतली तुळस, लव्हबर्ड. सगळ्यात भारी चित्र छोट्या राजकुमाराचं, ते अर्शला फेटा बांधून, समोर बसवून काढलं. माझ्या हातून इतकं जिवंत चित्र आजवर उतरलं नव्हतं. अर्श ते बघून म्हणाला, "I look rich." सुरेश खूश झाले आणि सगळी चित्रं लॉक करून टाकली. फक्त वाइल्ड नावाचं एक चित्र बाकी आहे, ते नंतर दिलं तरी चालेल.

२४ जानेवारी, शुक्रवार

आज चाचणी सुरू झाली. खेळ बॉट, म्हणजे एक प्रोग्रॅम, खेळतो, रात्रंदिवस, आणि ऑफिसच्या भिंतीवरच्या स्क्रीनवर ते दिसतं. दुपारी पाच डबे एका लाइनीवर आले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

घरी आले तर मिसळणाचा डबा नाही. सगळं स्वयंपाकघर उपसलं. धनंजय म्हणाला, असला डबा आपल्याकडे नव्हताच, मसाले तर आपण पाकिटातून वापरतो. थट्टा करतोय म्हणून मी चिडले. तो थट्टा करत नव्हता. आईला फोन लावला. तिलाही आठवेना.

२८ जानेवारी, मंगळवार

काल पाच तुळशी आल्या. बाल्कनीत कुंडी नाही, कुंडीखालचा ओला डागसुद्धा नाही.

आज पाच लव्हबर्ड. मी टॅक्सी करून घरी पळाले. अर्श सोफ्यावर होमवर्क करत होता. पक्षी कुठाय म्हणून विचारलं तर मान वर न करता म्हणाला, "What bird?" रोज सकाळी त्याला दाणे घालणारं पोर.

मला फार भीती वाटतेय. आता उरलेल्यांत भारी चित्र एकच.

३० जानेवारी, गुरुवार

सुरेशना सांगितलं, माझ्या मुलाचं चित्र काढून टाका. म्हणाले, आर्ट लॉक आहे, क्लायंटने पास केलंय. मग चाचणी तरी थांबवा म्हणून मी रडले. सर्व्हर कुठल्या देशात आहे ते त्यांनाही धड माहीत नाही. मला दोन दिवस सुट्टी घ्यायला सांगितलं.

नीरवला विचारलं, पाच राजकुमार कधी येतील. क्वचितच येतात, म्हणाला. पण बॉट थकत नाही दीदी, कधीतरी येणारच.

३ फेब्रुवारी, सोमवार

तीन अर्श आले. संध्याकाळी त्याने सांगितलं, टीचरने हजेरीत त्याचं नाव घेतलंच नाही. त्याला गंमत वाटत होती.

४ फेब्रुवारी, मंगळवार

चार. पाचवा लाइनीच्या जरासा वर थांबला. तो चेहरा हसत होता, फेटा बांधलेला, माझ्याकडे बघत.

शाळेच्या वॉचमनने अर्शला आत सोडलं नाही. यादीत नाव नाही म्हणे. मी त्याला घेऊन घरी आले. धनंजयने जेवायला दोन ताटं घेतली. मग अर्शकडे बघून अदबीने विचारलं, हा कोणाकडचा, याला घरी कोण सोडणार? मी ओरडले. अर्श माझ्या मागे लपला. बाबाला घाबरून.

५ फेब्रुवारी, बुधवार

अर्शला ऑफिसात आणलंय. माझ्या शेजारी बसलाय. सुरेश त्याच्या खुर्चीवर बसायला लागले, मी ओढून घेतली. त्यांना रिकामीच दिसत होती.

ते वाइल्डचं चित्र मागायला आले होते. आजच हवंय. वाइल्ड कुठल्याही चित्राऐवजी चालतं, नीरवने एकदा सांगितलं होतं.

कुठल्याही चित्राऐवजी. म्हणजे अर्शऐवजीही.

आरशात बघून माझाच चेहरा काढला. तासाभरात दिला. त्यांनी लगेच चढवला. आता अर्शची पाळी आली की मी असेन. मी जाईन, तो राहील. किती दिवसांनी मोकळा श्वास घेतला. अर्शला शावर्मा खाऊ घातला, त्याने मोजे काढून माझ्या मांडीवर पाय टाकले.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी दहा. स्क्रीनवर पुन्हा चार अर्श. पाचव्या रिळावर मी.

स्क्रीन वाजायला लागली. थांबेचना.

नीरव धावत आला, बिग विन, बिग विन करत. मी म्हटलं, पण पाचवा नव्हता, ती तर मी होते. तो हसला. वाइल्ड त्याच्यासाठीच तर असतं, दीदी. जे चित्र कमी पडतं ते पूर्ण करायला. चार राजकुमार आणि एक वाइल्ड, म्हणजे पाच राजकुमार.

मी त्याला वाचवलं नाही. मीच पाचवा झाले. आणि त्याच लाइनीत माझाही चेहरा —

धनंजय फोन उचलतो आणि विचारतो, कोण बोलतंय —

अर्श खुर्चीत आहे. अजून आहे. मोजे घातलेत, एक निळा, एक — डाव्या हाताने त्याचा हात धरलाय. सोडणार नाही. उजव्याने लिहितेय. अर्श धनंजय. सात वर्षं. माझा मुलगा. अर्श. माझा —

नीरव माझ्या डेस्कवर बॅग ठेवतोय. मी ओरडले. वळला नाही.

शेजारी खुर्ची आहे. कोणी मला हाक मारतंय असं वाटतं, लहान आवाजात, पण —

डाव्या हाताची मूठ घट्ट मिटलीय. बोटं दुखतायत. उघडत नाहीये. कोणाचा तरी हात धरल्यासारखी — कोणाचा —