चार स्वस्त वस्तरे

दादा,

मी सकाळच्या बसने चेंगडूला कॉलेजात परत जातेय. बाबा उठायच्या आत हे वाच.

त्यांनी सलूनसाठी मागवलेले चारही वस्तरे मी दोन दिवस तपासले. आता बोटं दुखतायत. काचेवर ठेवल्यावर एक किंचित वाकडा निघाला. बाकी तिन्हींना धार लावली, तर लोंबता केस टेकताच तुटतो. मग सलूनमधली शिकाऊ पोरं सरावाला काढतात तशी कोहळ्यावरची लव काढून पाहिली. एकही ओरखडा नाही. त्याच वस्तऱ्याने बाबांनी काढली, तर पाच चिरा.

"आजकालचं पोलाद म्हणजे नुसता पत्रा! आहे का हे तुझ्या पुस्तकात, पंडितीणबाई?" असं म्हणून त्यांनी हात खिशात घातला. दोष पोलादात नाही, दादा.

रविवारी तुझ्या बाळाचा महिना भरतोय. शुभ म्हणून लाल अंडी वाटायच्या आधी जावळ आजोबाच काढणार, हे गल्लीभर सांगून झालंय. म्हणून मी बाबांना सांगितलं, चारही वस्तरे टाकाऊ आहेत, बाळाला लावू नका. "बघ, मी म्हणत नव्हतो का!" म्हणाले, आणि पोटभर जेवले.

तूही हेच सांग. कपाटात केस कापायचं मशीन ठेवलंय, ते त्यांच्याच हातात दे. हात हलला तरी त्याने कातडी कापत नाही. माझ्या मनगटावर फिरवून पाहिलंय.

यिंग्छी