सेक्रेटरी अजून पकडला गेलेला नाही

बाबा, तुम्ही असता तर ही पुस्तकं मी मुद्दाम तुमच्या नाकासमोर टेबलावर मांडून ठेवली असती. पाच भागांची मालिका आहे आणि खुनी हाच नायक. मुलुंडच्या एका सोसायटीचा सेक्रेटरी. जो ओले कपडे खालच्याच्या खिडकीवर टपकत ठेवतो, जो गॅलरीतून कबुतरांना दाणे टाकतो, त्याला हा संपवतो. आणि शोकसभेचं भाषण खुनाच्या आधीच लिहून ठेवतो. त्या भाषणाची मांडणी इतकी नेटकी, की मी मोठ्याने हसलो आणि शेजारीण दार वाजवून विचारून गेली, बरं आहे ना सगळं?

तुम्ही हसला नसतात. तुम्हाला पुस्तक वाचताच येत नव्हतं, आता स्पष्टच लिहितो. ड्युटी संपली की घाटकोपरच्या वाचनालयात जायचं, काउंटरपाशी उभ्या उभ्या शेवटची पानं वाचायची, गुन्हेगार सापडलाय याची खात्री झाली तरच पुस्तक घरी. आई भाकऱ्या थापतेय, मी ताट घेऊन बसलोय, आणि तुम्ही जाहीर करताय, "मेवण्यान केल्यान. फाशी झाली तेका." झालं! पुस्तक उघडायच्या आधीच मेलं. मी एकदा विचारलं, सुटला असता तर काय बिघडलं असतं? "चोर सुटलो तर वाचणारो काय शिकतलो रे?" शिकायचं म्हणे! जणू पुस्तक म्हणजे मास्तरची छडी. मी लिफ्टचं काम शिकलो ते वायरिंगचे नकाशे जमिनीवर पसरून, डिक्शनरी मांडीवर घेऊन. त्यात ना शाळेचा हात, ना तुमचा. आमच्या नाहूरच्या बिल्डिंगमधले पदवीधरही तुमच्यासारखेच: "असला माणूस नायक? समाजापुढे काय आदर्श?" आदर्श हवा असेल तर भिंतीवर फोटो लावा आणि हार घाला. पुस्तकं कशाला नासवता?

या मालिकेचं वेड मला तुमच्या नातीने लावलं. तिने लग्न स्वतःच्या मर्जीने केलं आणि बोरिवलीला गेली. मी लग्नाला गेलो नाही. का, ते तुम्हाला समजावायची गरज नाही, तुम्हीही गेला नसतात. मग बोलणंच बंद. माझ्या एका वाढदिवसाला कुरियरने पहिला भाग आला, आत तिच्या अक्षरात एक ओळ: हा माणूस ओळखीचा वाटतो का बघा. टोमणा मला कळला. मीही सोसायटीचा सेक्रेटरी आहे. पुस्तक संपवून मी फोन केला, तो लेखकाची चूक दाखवायला.

"लिफ्ट वरच्या मजल्यावर असताना खालचा दरवाजा उघडतच नाही. आधी लॉक बिघडवावं लागतं. बिनडोक आहे हा लेखक."

"पप्पा, माणूस मेला त्याचं काही नाही?"

"तो जिन्यात थुंकायचा."

ती इतकी हसली, की तिला फोन बाजूला ठेवावा लागला. "बघा! मी काय लिहिलं होतं?"

तेव्हापासून दर रविवारी फोन. मेलेल्यांची आम्ही मनसोक्त टर उडवतो. कोणाला आणखी आधी मारायला हवं होतं, यावर भांडतो. लग्नाचा विषय ती काढत नाही, मीही काढत नाही. पाचवा भाग शेवटचा आहे. तिचा केव्हाच वाचून झालाय.

"कुठवर आलात?" परवा तिने विचारलं.

"वाचतोय. हे काय पेपरासारखं चाळायचं आहे?"

"अहो पण किती हळू! मला बोलायचंय शेवटाबद्दल. धरतात का त्याला, काही अंदाज?"

"सांगू नकोस हां. मी ठेवून देईन फोन."

"नाही सांगत, नाही सांगत. वाचा सावकाश."

बाबा, हे पत्र कुठे टाकायचा प्रश्नच नाही, म्हणून लिहितो. पाचवा भाग मी गणपतीच्या आधीच संपवलाय. संपला म्हणून सांगितलं, तर त्यानंतरच्या रविवारी तिने मला फोन कशासाठी करावा, ते मला अजून सुचलेलं नाही.