डावा स्पीकर दोषी आहे

४ मार्च
निर्णय झाला. या महिन्यात सिस्टीमचा एक भाग बदलायचा. एकच. स्पीकर, ॲम्प्लिफायर की वायर, ते माझा कान ठरवेल, दुकानदार नाही.
तक्रार स्पष्ट आहे. डोळे मिटून गाणं ऐकलं की गाणारी बाई दोन स्पीकरच्या बरोब्बर मधे उभी असायला हवी. गेले काही महिने ती उजवीकडे सरकते आहे. आता तर उजव्या स्पीकरच्या मांडीवरच बसली आहे. म्हणजे डावा स्पीकर गेला. सरळ केस आहे.
बायको म्हणाली, मला तर मधेच ऐकू येते. तिला काय कळतंय! मी बावीस वर्षं कानावर पोट भरतोय.

५ मार्च
कारखान्यात आज एकशे दहा पंप ऐकले. पद्धत माझी जुनीच. पंप सुरू करायचा, लांब पेचकसाचं टोक बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानाला. बेअरिंग चांगलं असेल तर नुसती घूं. खराब असेल तर दाताखाली वाळू आल्यासारखा आवाज. उजव्या हातात खडू असतो, म्हणून पेचकस डाव्या कानाला. माझी खडूची खूण असल्याशिवाय पंप दाराबाहेर पडत नाही. सगळे मला कानसेन म्हणतात.
पूर्ण फेब्रुवारीत एकही पंप नापास करावा लागला नाही. असेंब्लीवाल्यांनी माझा धसका घेतलाय.

८ मार्च, रविवार, सकाळी १०
शास्त्रीय चाचणी. दोन्ही स्पीकरची अदलाबदल केली. कंबर धरली. डावीकडचा आवाज तरीही कमीच. म्हणजे स्पीकर निर्दोष. मी त्याच्याबद्दल उगाच वाईट बोललो.
दोषी ॲम्प्लिफायर. त्याची डावी बाजू गेली.

सकाळी ११.३०
खात्री करावी म्हणून ॲम्प्लिफायरच्या मागच्या वायरी उलट्या लावल्या. आता उजवीकडचा आवाज कमी व्हायला हवा होता. झाला नाही. डावीकडचाच कमी. म्हणजे ॲम्प्लिफायरच्या दोन्ही बाजू गेल्या आहेत, आणि आळीपाळीने जातात. असा लबाड दोष मी आजवर पाहिला नव्हता.

१४ मार्च
नवा ॲम्प्लिफायर आणला. पुढे फक्त एक बटण. जुन्यावर आवाज डावीउजवीकडे ढकलायचं बॅलन्सचं बटणही होतं. जाणकार माणूस असल्या बटणाला हात लावत नाही. दुकानदारही तेच म्हणाला, आणि मला जाणकार म्हणाला.
जुना मेहुण्याला देऊन टाकला. तो म्हणाला, भाऊजी, चांगला चालतोय की हा. म्हटलं, तुझ्या कानांना चालेल.

१५ मार्च
नवा ॲम्प्लिफायर उत्तम. डावीकडचा आवाज कमी आहे.
वायरी.

१९ मार्च
एकच भाग बदलायचा हा नियम रद्द. नियम मीच केला होता. वायरी बदलल्या, बोटाएवढ्या जाड. बायको दोनदा अडखळली. बाई अजून उजवीकडेच.
कारखान्यात तीन पंप परत आले. गिऱ्हाइकांची तक्रार, बेअरिंग वाजतंय. मी डाव्या कानाने पुन्हा ऐकले. काही वाजत नाही. गिऱ्हाइकांना हल्ली शांतता सोसत नाही.

२२ मार्च, रविवार
दोष भिंतीचा! हॉलची डावी बाजू बाथरूमकडच्या बोळाकडे उघडी आहे, आवाज तिकडून पळून जातो. गादी उभी करून बोळ बंद केला. बायको बाथरूमला जायला स्वयंपाकघरातून बाहेर पडून मागच्या दाराने आत आली. बोलली काहीतरी. नीट ऐकू आलं नाही, गादीमुळे.
गादीने फरक नाही. शेवटी सोफाच फिरवून उलट्या दिशेने बसलो. स्पीकर पाठीमागे. आता आवाज दुसऱ्या भिंतीकडचा कमी! म्हणजे दोष घरभर पसरलाय.

२५ मार्च
आणखी अकरा पंप परत. साहेबांनी बोलावलं. टेबलावर एक मीटर होता, साबणाच्या वडीएवढा. बेअरिंगला लावला की आकडा दाखवतो. साहेब म्हणाले, वाईट वाटून घेऊ नका. मी म्हटलं, होऊ दे मुकाबला. दहा पंप. तुमचा डबा आणि माझा कान. हरलो तर खडू खाली ठेवतो.
साहेब म्हणाले, एवढं टोक गाठायची गरज नाही. मी गाठलं.

२८ मार्च
मुकाबल्याआधी मन शांत असावं म्हणून मेहुण्याकडे गेलो. माझा जुना ॲम्प्लिफायर लावला होता त्याने. अपेक्षेप्रमाणे बाई उजवीकडे. मला राहवेना. तत्त्व बाजूला ठेवून बॅलन्सचं बटण डावीकडे पिळलं, चांगलं पाऊण फिरवलं. बाई सुरेख मधे आली! कितीतरी महिन्यांनी. डोळ्यांत पाणी आलं माझ्या.
मेहुणा म्हणाला, भाऊजी, आता सगळं डावीकडूनच येतंय. त्याची बायकोही तेच म्हणाली. माझी बायको नुसती माझ्याकडे बघत राहिली. तिघांपैकी एकाचाही कान तयार नाही. कीव आली.

३१ मार्च
मुकाबला. सगळं खातं गोळा झालं होतं. दहाच्या दहा पंप ऐकले, दहाही पास. खडूच्या दहा खुणा, ठसठशीत. मग मीटर लावला. चार नापास. मी म्हटलं, डबा खोटं बोलतोय.
तेव्हा असेंब्लीच्या फोरमनबाई पुढे आल्या. म्हणाल्या, त्या चारांत मी स्वतः झिजलेली बेअरिंगं बसवली आहेत, साहेबांच्या सांगण्यावरून. मी म्हटलं, मग पेचकस बिघडलाय. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. बाईंनी माझ्या हातातला खडू काढून घेतला, पेचकस उजव्या हातात दिला आणि हळूच म्हणाल्या, या कानाने बघा एकदा.
वाळू. नुसती वाळू. चारही पंपांत.
खडू बाईंकडेच राहिला.

१ एप्रिल
पेचकसाचाही दोष असू शकतो. डाव्या बाजूने मूठ गुळगुळीत झाली आहे. नवा मागवणार. बोलणाऱ्यांना बोलू दे.

३ एप्रिल, दुपारी
साहेबांनी कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे धाडलं. काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन घातले. हेडफोन चांगले होते, तेवढं मान्य. बारीक शिट्ट्या वाजवतात, ऐकू आली की बटण दाबायचं. मग कागदावर दोन रेषा निघाल्या. उजव्या कानाची सरळ. डाव्याची जिना उतरत गेलेली, पार तळघरापर्यंत.
मी म्हटलं, हेडफोनची डावी बाजू गेली असेल, उलटे घालून बघा. बाईंनी उलटे घातले. रेष तीच.
आता अदलाबदल करायला काही उरलं नाही.

संध्याकाळी
सोमवारपासून पंप मीटर ऐकणार. मी तूर्त पॅकिंगला. साहेब म्हणाले, तात्पुरतं. मी मान ताठ ठेवून म्हटलं, पॅकिंगलाही कान लागतो. काय म्हणून म्हटलं, माहीत नाही. फाटकाबाहेर येऊन बराच वेळ उभा राहिलो. भीती वाटली. बावीस वर्षं माझ्याकडे दाखवण्यासारखं तेवढंच होतं.
घरी बायकोला सांगितलं, मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. हे वाक्य जड गेलं. ती म्हणाली, माहीत आहे, वर्ष झालं. मी भडकलो. म्हटलं, वर्षभर माहीत होतं, मग एकदा तोंड उघडून सांगायला काय झालं होतं?
म्हणाली, चार वेळा सांगितलं. पण सोफ्यावर मी तुमच्या डावीकडे बसते ना.