तळघरातला लाल दिवा

डब्लिन, ओहायो
६ फेब्रुवारी २००६

तुझा नातू आमच्याकडे भरलं ताट टाकून निघून गेला, आणि तू आठ दिवसांत त्याबद्दल एक अक्षर कळवलं नाहीस, हे आधी लिहिते. थालीपीठ वाढलेलं होतं, वर लोणी होतं. टाकायला नको म्हणून मीच खाल्लं आणि संध्याकाळपर्यंत छातीत जळजळत राहिलं.

आता नमस्कार. शरयू, तुझे गुडघे कसे आहेत? तिकडे टेक्सासात, फ्रिस्कोत थंडी कमी असते म्हणे, तेव्हा तिथे ती सबब चालायची नाही. फोनच केला असता, पण तुझी लेक फोन स्पीकरवर टाकते आणि माझं बोलणं तुझा जावई जेवता जेवता ऐकतो. (मागच्या वेळी तो मध्येच खोकला, म्हणून कळलं.) माझ्या अक्षराला हसू नकोस. चौथीत एकाच बाकावर होतो आपण, आणि छड्या तुला जास्त पडायच्या.

आमच्या सौमित्रने (लेकीचा मुलगा, मामाकडे राहून शिकतो) आणि त्याच्याच कॉलेजात शिकणाऱ्या तुझ्या चारूने मिळून अपंगांच्या खुर्चीचं चाक केलंय, ते तुला ठाऊक आहे. चाकात ब्रशलेस मोटर आहे. आपल्या मिक्सरच्या मोटरीत कोळशाचे ब्रश असतात, ते झिजतात; हिच्यात ते काम बाहेरची एक हिरवी पाटी करते, तिला ड्रायव्हर म्हणतात. करंट फार वाढला की पाटी मोटर बंद करते आणि लाल दिवा लावते. सोळा तारखेला हे चाक प्रोफेसरांसमोर दोघांनी मिळून फिरवायचंय, नाहीतर दोघांचं सेमिस्टर वाया. गेल्या महिन्यात अठ्ठावीसच्या शनिवारी सकाळी चाक उत्तम फिरत होतं. दुपारी सुवर्णाचं, म्हणजे आमच्या सूनबाईंचं, हळदीकुंकू झालं. रविवारी पोरांनी बटण दाबलं, तर चाक जेमतेम पाव फेरा फिरलं, लाल दिवा लागला आणि सगळं ठप्प.

आता संशय कुणाचा घ्यायचा? वीस बायका आल्या होत्या. त्यांतल्या निम्म्या तळघर बघायला म्हणून खाली गेल्या. (तळघरात बघायचं काय असतं? पण घराची किंमत काढल्याशिवाय इथल्या बायकांना वाण गोड लागत नाही.) सुवर्णाने सकाळी व्हॅक्यूम फिरवला होता, ती एकदा झाडायला लागली की माणूससुद्धा बाजूला सरकवते. पण सौमित्रने संशय घेतला चारूचा, कारण शुक्रवारी पाटीवरचा एक पार्ट त्याने बदलला होता. "तूच काहीतरी जाळलंयस." "मी चेक करून लावलाय, यार." "मग लाल का लागतोय?" "तुझं डोकं लाल झालंय म्हणून." एवढं बोलून चारूने बॅग उचलली. मी जिन्यात उभी होते. बोलले काही नाही.

मग हे पोर एकटंच बसलं. मोटरीच्या तारा सोडवून पाटी चालू केली, तर लाल दिवा नाही. मला वाटलं, मोटरच चोर. दुसरी मोटर लावली, पुन्हा लाल. चाक काढून नुसती मोटर फिरवली, तरी लाल. तारा आत कुठे एकमेकींना चिकटल्यात का ते मीटरने पाहिलं, चिकटल्या नव्हत्या. शेवटी कॉलेजातून पडद्याचा एक डबा आणला, त्यात करंट चित्रासारखा दिसतो. तर करंट मुळात वाढतच नव्हता. करंट मोजणाऱ्या दोन बारीक तारा मोटरीच्या तीन जाड तारांना खेटून होत्या. जाड तारांतली धडधड बारीक तारांत उतरायची आणि पाटी उगाच घाबरून लाल दिवा लावायची. कारण पाचही तारांची कुणीतरी घट्ट तीनपेडी वेणी घातली होती, शेवटी गाठ मारून. सौमित्रने वेणी सोडली, बारीक तारा लांबून नेल्या, आणि चाक भुंग्यासारखं फिरलं.

पण भांडण मिटलं नाही. सौमित्र म्हणतो, वेणी चारूनेच घातली, त्यालाच सगळं नीटनेटकं लागतं. हाही शनिवार-रविवार गेला, चारू फिरकला नाही. चाकाचा प्रोग्रॅम त्याच्या डोक्यात, तारा याच्या हातात, आणि दोघेही फोनची वाट बघत बसलेत. तुझ्या नातवाला ताठा फार आहे. तुझ्या माहेरचा असणार.

कळावे,
द्वारका

ता.क. वेणी मी घातली. वीस बायका खाली येणार आणि टेबलावर तो तारांचा गुंतवळ. शोभतं का? पाच मिनिटांत सारखं केलं. वेणी चांगली झाली होती, हे मी आजही म्हणेन.

ता.क. दुसरा. एकट्या सौमित्रला सांगितलं तर तो मला लगेच माफ करेल आणि चारूला तोंड दाखवायची लाज वाटून आणखी आठ दिवस घालवेल. म्हणून दोघांना समोरासमोर बसवून सांगणार आहे. या शनिवारी चारूला फोन करून आमच्याकडे जेवायला पाठव. कारण काहीही सांग, मी आजारी आहे म्हणालीस तरी चालेल. हे पत्र मात्र त्याला दाखवू नकोस. येतो की नाही हे तू कळवायचं नाहीस, तुझ्या लेकीनेही नाही. उत्तर चारूने द्यायचं, आणि ते सौमित्रला नाही, मला.